एक काना

कोल्हापुरात जॅझ ऐकतो म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "जाझ म्हंजे ते झुंबा का?" आणि मग विचारतात, "त्यात शब्दच नसत्यात, मग कळतं कसं?" दुसऱ्या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. शब्द हाताशी असले की माणूस, म्हणजे मी, काय करून ठेवतो ते मला माहीत झालंय, आणि तेच इथं लिहायला बसलोय.

माझं काम पत्रकं लिहिणं. पोटाला एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स जुळवतो, पण खरं काम पत्रकं. नदीतली जलपर्णी, गायब झालेले फूटपाथ, डॉल्बीचा आवाज. पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेतल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं शिकवलं. तो म्हणायचा, "पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत दोषी. तिसरी ओळ वाचायला कोण थांबत न्हाय." मला हे एकदम पटलं होतं. वय वीस-एकवीस, पटायचंच.

डॉल्बीविरुद्धच्या सह्या गोळा करत फिरताना मी मास्तरांकडे पोचलो. मास्तर म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये चाळीसेक वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. डॉल्बी आली आणि बँड बसला, तेव्हा हे तर हसत सही करतील, असा माझा हिशेब. मास्तरांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला.

"आवाज बंद करा म्हणालायस. कुणाचा ते कुठं लिवलायस?"

"डॉल्बीचा, मास्तर."

"न्हाय लिवलेलं. 'कर्णकर्कश वाद्ये' लिवलंय. उद्या पोलीस माझंच क्लॅरिनेट उचलून न्हेतील की रं."

मी वाद घातला. पाऊण तास घातला. शेवटी कंटाळून त्यांनी कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर एक रेकॉर्ड चढवली आणि म्हणाले, "गप बस आणि ऐक. ऐकून झालं की भांड."

ती माझी पहिली जॅझची रेकॉर्ड. मास्तरांच्या उस्तादांनी तरुणपणी मुंबईत कुठल्याशा हॉटेलातल्या वाद्यवृंदात काम केलं होतं. तिथून आणलेल्या रेकॉर्ड त्यांनी मास्तरांना दिल्या होत्या. मास्तर त्या ऐकून ऐकून त्यातल्या जागा उचलायचे आणि वरातीत घुसवायचे. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचतायत, आणि मास्तर मधेच असे कुठल्या कुठं निघून जायचे की ढोलवाला ओरडायचा, "मास्तर, परत या, नवरी वाट बघायलीया!"

त्यानंतर मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायला लागलो. सहा वर्षं. दारात चप्पल काढेपर्यंत आतून आवाज यायचा, "आलास? बस." बस म्हणजे खाली, चटईवर. मास्तर कॉटवर, मी जमिनीवर, आणि मावशी, म्हणजे मास्तरांची बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लसूण सोलत. तिला ते संगीत अजिबात आवडत नव्हतं. "ह्यांचं काय सुरू हाय ते देवाला ठावं. सुरू कवा हुतंय आणि संपतं कवा, काय पत्ता न्हाय." मास्तर म्हणायचे, "आपल्या लग्नागत."

रेकॉर्ड जमवणाऱ्यांबद्दल माझं मत सरळ आहे. त्यांतले निम्मे लोक ऐकत नाहीत. ते रेकॉर्डचा फोटो काढतात, तो टाकतात, आणि खाली दुसरे तसलेच विचारतात की कुठली आवृत्ती. प्लॅस्टिकच्या पिशवीत सील केलेली रेकॉर्ड अभिमानानं दाखवणारा माणूस मला देवळात चपला मोजत बसणाऱ्यासारखा वाटतो. रेकॉर्डवर ओरखडा असेल तर असू द्या. मास्तरांच्या एका रेकॉर्डमध्ये ट्रम्पेट सुरू होण्याआधी तीन वेळा टक-टक-टक येतं. मी ते गाणं नंतर मोबाईलवर स्वच्छ ऐकलं तर चुकल्या चुकल्यासारखं झालं. पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी धरते. मास्तर त्या रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचे. पाकिटं फाटलेल्या रेकॉर्डना गुंडाळायला ते माझ्याकडून उरलेली भित्तिपत्रकं मागून घ्यायचे. "तुझ्या क्रांतीचा एवढाच उपयोग," म्हणायचे, आणि मला राग आला की खूश व्हायचे.

एकदा आम्ही कुरुंदवाडला गेलो. तिथल्या एका घरात जुन्या इंग्रजी रेकॉर्ड पडून आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. एसटीत मास्तरांनी खिडकी मला दिली नाही, सगळी उसाची शेतं स्वतः बघितली. घर सापडलं. रेकॉर्डही सापडल्या, त्यातल्या बहुतेक इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या. 'गुड मॉर्निंग, मिस्टर अमुक' अशा. मास्तर इतके हसले की घरमालकाला वाटलं यांना आवडल्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पावणं कोण म्हणायचं?"

"ह्यो न्हाय पावणा," मास्तर म्हणाले. त्यांचा उजवा कान बँडमध्ये ढोलाशेजारी उभं राहून राहून गेला होता. "ह्यो माझा उजवा कान हाय."

येताना आम्ही ती इंग्रजी शिकवणारी एक रेकॉर्ड विकत घेऊन आलो. मावशीनं विचारलं, "ह्येच का तुमचं जाझ? ह्ये बरं हाय की."

आता फुटबॉल. मास्तरांची पेठ आणि माझी पेठ यांच्यात फुटबॉलचं वैर आहे, आमच्या आज्यांच्या आधीपासूनचं. पेठांची नावं लिहीत नाही. एकदा लिहून बघितलंय. एरवी दोन्हीकडचे लोक एकमेकांत लग्नं करतात, एकाच दुकानात भडंग खातात. पण मॅचच्या दिवशी दुपारी चारला मैदानावर दोन बाजूंना बसायचं म्हणजे बसायचं. मी आणि मास्तर सहा वर्षांत एकही मॅच शेजारी बसून बघितली नाही. ते त्यांच्या गॅलरीत, मी आमच्या. मधे अख्खं मैदान. मॅचचं बोलणं रविवारी, रेकॉर्ड बदलताना.

टीव्हीवर युरोपातल्या मॅची बघणाऱ्यांबद्दलही माझं मत आहे आणि तेही लोकांना आवडत नाही. परदेशी क्लबची जर्सी घालून हिंडायचं आणि आपल्या पेठेचा लेफ्ट बॅक कोण ते ठाऊक नसायचं, याला मी फुटबॉलचं प्रेम म्हणत नाही. टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो. मैदान दिसत नाही. चेंडू लांब असताना जो माणूस उगाच वीस पावलं पळतो आणि दुसऱ्यासाठी जागा करून देतो, तो तुम्हाला टीव्ही कधी दाखवणार नाही. मास्तरांनी हे मला रेकॉर्डवरून शिकवलं. "जो वाजवत न्हाय त्येच्याकडं ध्यान दे," ते म्हणायचे. "एकटा वाजवायला लागला की बाकीचं काय करत्यात? ऐकत्यात. ते ऐकायलेत म्हणून ह्येला वाजवाय येतंय." मी मान डोलवायचो. मला वाटायचं मला कळलं.

मग ती मॅच झाली.

उपांत्य फेरी होती, याच दोन पेठांची. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली. ती चूक होती असं मी आजही म्हणेन. गोल झाला, गोंधळ झाला, खुर्च्या उडाल्या, आणि कुठून तरी दगड आला तो आमच्या गोलकीपरच्या भुवईवर बसला. तो खाली बसला आणि हाताच्या ग्लोव्हजमध्ये रक्त धरून राहिला, जणू ते सांडू नये. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. आमच्या गल्लीतला. दगड कुठल्या बाजूनं आला ते पोलिसांना सांगता आलं नाही, पंचांना सांगता आलं नाही. मला मात्र सांगता आलं.

त्याच संध्याकाळी दुकानात बसून मी पत्रक जुळवलं. वर रक्ताळलेल्या ग्लोव्हजचा फोटो. खाली त्या पेठेचं नाव, लाल, जाड. आणि ओळ: 'या पेठेत आता माणूस उरलेला नाही.' पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत दोषी. मला लिहायला दहा मिनिटं लागली नाहीत. प्रूफ दोनदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सकाळपर्यंत ते सगळ्या चौकांत गेलं, दुपारपर्यंत सगळ्या मोबाईलवर. लोक पाठीवर थाप मारत होते. "लई भारी लिवलायस. जाळ हाय, जाळ!" खरं सांगतो, मला बरं वाटलं. दोन दिवस मास्तरांची आठवणसुद्धा झाली नाही. हे लिहिताना हात थांबतोय, पण तसंच झालं. 'त्या पेठेतले लोक' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं लोक होते, मास्तर नव्हते. मास्तर माझ्या डोक्यात पेठेत राहतच नव्हते. ते रविवारी राहत होते.

शनिवारी लक्षात आलं. रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारीही नाही. तोंड कसं दाखवायचं, हे एक. आणि दुसरं, मला तेव्हाही वाटत होतं की यावर उपाय मला येतो. लिहिणं मला येतं. तिसऱ्या आठवड्यात मी दुसरं पत्रक काढलं, 'जाहीर दिलगिरी'. आपल्या लेखणीमुळे एका संपूर्ण पेठेचा अवमान झाला, त्याबद्दल बिनशर्त माफी, खाली माझं नाव. ते मी स्वतः त्यांच्या पेठेत जाऊन वाटलं. त्यांची पोरं हसली, एकानं तिथल्या तिथं चुरगळून त्याचा चेंडू केला आणि लाथाडला. आमच्या पेठेत म्हणाले, "आता तिकडंच खोली बघ भाड्यानं." दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या म्हणजे आपण बरोबर, असं चळवळीत मानतात. मी त्याच तोऱ्यात त्या रविवारी मास्तरांच्या दारात चप्पल काढली.

"आलासा?" आतून आवाज आला. "या की. बसा."

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं माझ्या मागून दुसरं कोणी आलंय.

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडं 'आलास' म्हणजे तू आलास. 'आलासा' म्हणजे तुम्ही आलात. मधे फरक एका कान्याचा. मी प्रूफं तपासणारा माणूस आहे, माझ्या हातून एक काना सुटला तर मालक पगार कापण्याची धमकी देतो. मनाला एक काना जास्त लागला की मान होतो. तसं झालं होतं. मला मान मिळाला होता.

चटई गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्यावरून हात फिरवून धूळ झटकली. मावशीनं चहा आणला, कपाखाली बशी. सहा वर्षं मी त्या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यालो होतो. बशी त्या घरात आहे हेच मला माहीत नव्हतं.

"मास्तर, मी दुसरं पत्रक काढलंय. माफीचं. मिळालं न्हवं?"

"मिळालं की. चांगलं लिवलायसा."

"मग?"

"मग काय? पेठेला शिव्या दिलासा, पेठेची माफी मागितलासा. तुमचं आणि पेठेचं काय ते झालं. मी त्यात कुठं हाय?"

मास्तरांनी चहाकडं हात केला. "घ्या की, गार हुतोय." मग जरा वेळानं, रागानं नाही, एखादी गंमत सांगावी तसं म्हणाले, "पयलं पत्रक मला मंडईत मिळालं. तुमच्याच पेठेतल्या एका पोरानं दिलं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात पत्रक. वाचलं. माणूस उरलेला न्हाय. मी हिकडं तिकडं बघितलं. म्हटलं, मग ही मेथी कोण घ्यायलंय?"

मावशी हसली. मास्तरही हसले. मला हसू आलं नाही.

"मास्तर, तुम्हांला उद्देशून नव्हतं ते."

"त्येच की, पावणं," मास्तर म्हणाले. "मला उद्देशून न्हवतंच."

मी नंतर खूप शोधलं. म्हणजे असं शोधलं, की त्या दिवशी मास्तर कुठं होते. मला मनातून वाटत होतं की त्यांनी गर्दीत आमच्या एखाद्या माणसाला घरात घेतलं असेल, कुणाच्या जखमेला फडकं बांधलं असेल. म्हणजे मग माझं वाक्य खोटं ठरलं असतं, आणि ते खोटं ठरवायला मला एक गोष्ट मिळाली असती. तसलं काही नव्हतं. त्या दिवशी मास्तर मॅचलाच गेले नव्हते. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ते दर चार तासांनी तिच्या डोळ्यात थेंब घालत घरी बसले होते. त्यांनी कुणाला वाचवलं नाही. त्या पेठेतल्या हजारो लोकांनी त्या दिवशी कुणाला वाचवलं नाही आणि कुणाला मारलंही नाही. भाजी निवडली, झोपले, उठले. माणूस असायला एवढं पुरतं. हे लिहायला मला एक अख्खं वर्ष लागलं आणि पत्रकात ते बसत नाही.

मी सुधारलो वगैरे नाही. अजून पत्रकं लिहितो, अजून पहिल्या ओळीत राग असतो. गेल्याच महिन्यात फूटपाथवरच्या अतिक्रमणाचं लिहिताना 'हे सगळे फेरीवाले' असं लिहून बसलो होतो. 'सगळे' खोडलं. मग बाकीचं वाक्यच उभं राहीना. साथीदार म्हणाले, "तुझ्यात आता दम न्हाय राहिला." असेल. मॅचलाही जातो. त्या गोलकीपरच्या भुवईत एक रेघ राहिलीय, तिथं केस येत नाहीत. तो मला म्हणतो, "तू माझ्यापायी लिवलंस, मला ठावं हाय." त्यानं असं म्हटलं की मला जास्त लागतं.

रविवारी मी मास्तरांकडे जातो. एकही चुकवत नाही. मला वाटायचं, जात राहिलो की हळूहळू तो काना गळून पडेल. दोन पावसाळे गेले. मास्तर माझ्यासाठी चांगल्यातली रेकॉर्ड निवडतात, लावायच्या आधी विचारतात, "ही चालंल न्हवं तुमाला?" पूर्वी मला कधी विचारलं नव्हतं. मी वाद घातला तर ते म्हणतात, "तुमचं बी बरोबर हाय." मास्तरांच्या तोंडून 'तुमचं बी बरोबर हाय' ऐकण्यापेक्षा मी चार शिव्या खाल्ल्या असत्या.

परवाच्या रविवारी मला राहवलं नाही. रेकॉर्डची एक बाजू सुरू होती, तिच्यातलं क्लॅरिनेट थांबलं होतं आणि पियानो एकटा चालला होता. मी म्हणालो, "मास्तर, मला अरे-तुरे करा की. आधीसारखं."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. डाव्या कानाच्या बाजूनं जरा पुढं वाकले, ऐकायला आलं नसेल म्हणून. मी परत म्हणालो.

"करतो की," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

घसा साफ केला. खुर्चीतल्या माझ्याकडं नीट बघितलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "काय रं, कवा आला..." थांबले. ओठ हलले. "...सा."

उंबऱ्यातून मावशी हसली. मास्तरही हसले, पण डोळे माझ्याकडं लावून. मग हसू गेलं.

"मुद्दाम न्हाय करत मी," ते हळूच म्हणाले. "आईशप्पत. राग तर कवाच गेला. पर तुमी दारात आलासा की तोंडातनं तसंच येतंय. जीभ वळंना झालीया. मी तरी काय करू?"

राग असता तर मला त्याच्यावर काम करता आलं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला शिकवलेलं आहे.

रेकॉर्डची बाजू संपली. सुई मधल्या खाचेत खरखरत राहिली. बाजू उलटायचं काम सहा वर्षं माझं होतं, कारण मास्तरांचे गुडघे दुखतात. मी उठायला लागलो तेवढ्यात त्यांनी हात वर केला, दुसऱ्या हातानं कॉटची कड धरली आणि स्वतःच उठले. एक गुडघा, मग दुसरा, मधे जरा थांबून.

"बसा, बसा," ते म्हणाले. "तुमी कशाला."

मी बसलो.